टर्मिनलमधील मराठी : मजकूर-संपादकाचे दोषनिवारण, अनुकूलन आणि अर्ध्या ‘र’चा प्रश्न

१. प्रास्ताविक

एखाद्या मराठी कादंबरीत ‘घर’ हा शब्द किती वेळा व कोणकोणत्या रूपांत आला आहे, हे अभ्यासकाला पाहावयाचे आहे असे समजू. कादंबरीचा पाठ साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उपलब्ध आहे. अभ्यासक टर्मिनलच्या खिडकीत ‘विम’ हा मजकूर-संपादक उघडतो, ‘घर’ ही दोन अक्षरे टंकून शोध घेतो आणि संपादक त्याला ‘घर’, ‘घरचा’, ‘घरकाम’ ही स्थळे दाखवितो. ‘घरी’, ‘घरात’, ‘घराला’, ‘घरे’ ही रूपे मात्र फाइलमध्ये असूनही दाखवीत नाही. कोणतीही त्रुटी नोंदविली जात नाही. अभ्यासकाने मूळ पुस्तक चाळून पाहिले नाही, तर मराठी नामाची सामान्यरूपे वगळलेली ही संख्या तशीच प्रबंधात जाते.

प्रस्तुत लेखात अशा दोषांची कारणे व त्यांवरील उपाय यांचे विवेचन करण्याचा हेतू आहे. हे दोष तांत्रिक दिसत असले तरी त्यांचे मूळ पुष्कळदा मराठीच्या लेखनपद्धतीत व तिच्या संकेतनाच्या इतिहासात सापडते. त्यामुळे त्यांचे निराकरण केवळ संगणक-तंत्रज्ञावर सोपविता येत नाही. भाषेच्या अभ्यासकाला त्यात लक्ष घालावे लागते. विवेचनासाठी मुख्यतः ‘विम’ हा संपादक घेतला आहे. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘व्हीआय’ हा संपादक लिहिला. त्याच्या धर्तीवर ब्रॅम मूलेनार (निधन २०२३) यांनी ‘विम’ तयार केला व १९९१ मध्ये तो प्रथम वितरित झाला. ‘ईमॅक्स’ व ‘नॅनो’ यांचा उल्लेख आवश्यक तेथे येईल. लेखातील आज्ञांची रोमन अक्षरे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष वापरताना ती रोमन लिपीतच टंकावयाची आहेत.

२. दिल्ली आणि देवनागरीचे संकेतन

आज आपण ज्या संकेतांकांच्या साहाय्याने मराठी लिहितो, त्यांची पूर्वपीठिका बव्हंशी दिल्लीतील शासकीय कार्यालयांत तयार झाली. केंद्र शासनाच्या तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ हा भारतीय लिप्यांसाठी समान कळफलक प्रमाणित केला. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत पुढे नेण्यात आले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतन-संहिता आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग ‘इस्की’च्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेला आहे.

भाषिक पाठसंग्रहांचे कामही याच सुमारास सुरू झाले. इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान विकास कार्यक्रमाने १९९१ च्या सुमारास भारतीय भाषांचे संगणकीय पाठसंग्रह करविले, तेव्हा हिंदी, इंग्रजी व पंजाबीचे काम दिल्लीच्या आयआयटीकडे, तर मराठी व गुजरातीचे काम पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाकडे देण्यात आले होते. पुढे २००९ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या भारतीय भाषा पाठसंग्रह उपक्रमात आरोग्य व पर्यटन या क्षेत्रांतील हिंदी वाक्यांचे मराठी व कोंकणीसह अनेक भाषांत अनुवाद झाले. म्हणजे दिल्ली व तिच्या परिसरात मराठी मजकूर साठविणे, तपासणे व मोजणे ही कामे अनेक वर्षे होत आली आहेत.

या परिसराचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घ्यावयास हवे. दिल्लीतील संगणक, त्यांवरील कळफलक, अक्षरजुळणी करणारे हात आणि मुद्रितशोधनाचे डोळे हे बहुधा हिंदीला सरावलेले असतात. लिपी एकच असल्याने मराठीचे काम चालून जाते, असा समज होतो. वस्तुतः मराठीला हिंदीपेक्षा निराळी अशी काही चिन्हे लागतात आणि नेमकी तीच चिन्हे टर्मिनलमध्ये व शोधात अडचण निर्माण करतात.

३. साठवण, मोजणी आणि चित्रण

दोषाचे निदान करावयाचे तर प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करणे अवश्य आहे : फाइलमध्ये काय साठविले आहे, संपादक त्याची मोजणी कशी करतो आणि टर्मिनल ते पडद्यावर कसे काढतो.

‘मराठी’ हा शब्द घ्या. वाचकाच्या दृष्टीने त्यात तीन अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये मात्र म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी असे पाच संकेतांक साठविले जातात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट लागतात. म्हणून हा शब्द फाइलमध्ये १५ बाइट व्यापतो. तीन, पाच आणि पंधरा या तिन्ही संख्या आपापल्या जागी बरोबर आहेत. दोष उद्भवतो तो एका थराने एक आणि दुसऱ्या थराने दुसरी संख्या गृहीत धरल्यामुळे.

पहिला दोष साठवणीचा. फाइल उघडताच देवनागरीच्या जागी स्वरचिन्ह असलेला लहान रोमन ‘ए’, त्यानंतर चलनचिन्हासारखी आकृती किंवा येन या जपानी चलनाचे चिन्ह, आणि पुन्हा तोच ‘ए’, अशी माळ दिसू लागली, तर मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे पण संपादक तो पश्चिम युरोपीय एक-बाइटी संकेतनानुसार वाचत आहे, असे निश्चित समजावे. देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाचा पहिला बाइट समान असतो आणि दुसऱ्या बाइटच्या केवळ दोन शक्यता असतात; त्यामुळे ही पुनरावृत्ती होते. विम फाइल उघडताना संकेतनांची एक यादी क्रमाने पडताळून पाहतो. संपूर्ण फाइलमध्ये एकच अवैध बाइट असला तरी यूटीएफ-८ नाकारले जाऊन यादीतील पुढचे संकेतन लागू होते व सगळी फाइल बिघडल्यासारखी दिसते. अशा वेळी फाइल न साठविता यूटीएफ-८ ची सक्ती करून ती पुन्हा उघडावी. त्यासाठी ‘ई’ ही आज्ञा, त्यापुढे दोन अधिकचिन्हे, ‘ईएनसी’, बरोबरचिन्ह आणि यूटीएफ-८ असे टंकावे. त्यानंतर ८, जी, ८ या कळा ओळीने दाबल्या की कर्सर पहिल्या अवैध बाइटवर जाऊन थांबतो. तो दुरुस्त केला की दोष संपतो.

देवनागरीऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे व विरामचिन्हे दिसत असतील, तर प्रकरण निराळे आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी ‘श्रीलिपी’, ‘शिवाजी’, ‘किरण’ यांसारख्या टंकांमध्ये जुळविलेल्या मजकुरात रोमन संकेतांकांनाच देवनागरीचे आकार दिलेले असत. अशा फाइलमध्ये मराठी साठविलेलीच नसते. तिला संपादकाची कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही. त्या विशिष्ट टंकासाठी लिहिलेले रूपांतरक वापरणे हाच मार्ग उरतो.

दुसरा दोष चित्रणाचा. मजकूर बरोबर असूनही कर्सर अक्षरापासून एक-दोन घरे दूर दिसतो, ओळीच्या शेवटी अक्षरांचे अवशेष राहतात, पुसलेला काना पडद्यावर तसाच दिसतो. टर्मिनलचा पडदा समान रुंदीच्या चौकटींचा बनलेला असतो. विम काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही सर्व चिन्हे आधीच्या व्यंजनाला जोडलेली समजतो व त्यांना स्वतंत्र घर देत नाही. काही टर्मिनले मात्र काना व वेलांटी यांसारख्या जागा व्यापणाऱ्या चिन्हांना एकेक घर देतात. ‘काका’ हा शब्द एकाच्या हिशेबाने दोन घरांचा, तर दुसऱ्याच्या हिशेबाने चार घरांचा होतो आणि ओळ जसजशी पुढे जाते तसतसा फरक वाढत जातो. येथे फाइल शाबूत असते, हे ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. पडद्यावरील विपर्यास पाहून अक्षरे पुसण्याचा व पुन्हा टंकण्याचा प्रयत्न केला, तर मात्र निर्दोष मजकुरात खरे दोष शिरतात. कंट्रोल व एल या कळांनी पडदा पुन्हा काढावा, टर्मिनल बदलून पाहावे आणि शंका असलेल्या अक्षरावर कर्सर ठेवून जी, ए या कळा दाबाव्यात. त्या अक्षरातील सर्व संकेतांक तळाच्या ओळीत दिसतात. डोळ्यांना दिसणाऱ्या आकारापेक्षा ही ओळ अधिक विश्वसनीय समजावी. ईमॅक्समध्ये हेच काम कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स व बरोबरचिन्ह या कळांनी होते. ईमॅक्सच्या स्वतंत्र खिडकीत २०२० मधील २७ व्या आवृत्तीपासून जोडाक्षरांची जुळणी करणारा ‘हार्फबझ’ हा घटक उपलब्ध झाल्याने मराठी वाचनासाठी ती खिडकी टर्मिनलपेक्षा सोयीची आहे.

४. कळफलक आणि आज्ञा यांचा संघर्ष

विममध्ये लिहिण्याची व आज्ञा देण्याची अवस्था वेगवेगळी असते. आज्ञा-अवस्थेत एच, जे, के, एल या कळांनी कर्सर डावीकडे, खाली, वर व उजवीकडे सरकतो. बिल जॉय यांनी ज्या एडीएम-३ए या टर्मिनलवर ‘व्हीआय’ लिहिला, त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते. ती प्रथा आजही टिकून आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर याच चार कळांवर अनुक्रमे प, र, क, त ही व्यंजने आहेत. ओळ पुसण्यासाठी दोनदा दाबावयाच्या ‘डी’वर हलन्त आहे आणि लेखन सुरू करणाऱ्या ‘आय’वर ‘ग’ आहे.

साहजिकच संगणकाचा कळफलक मराठीवर ठेवून विम वापरू लागल्यास लिहिणे जमते, पण आज्ञा-अवस्थेत परतताच संपादक कोणतीही आज्ञा ओळखेनासा होतो. नवशिक्याला संपादक गोठला असे वाटते. प्रत्येक वेळी संगणकाचा कळफलक बदलत राहणे हा उपाय कष्टाचा आहे. योग्य उपाय म्हणजे संगणकाचा कळफलक रोमनच ठेवून देवनागरीची योजना संपादकाच्या आत करणे. विमच्या सेटिंगच्या निर्देशिकेत ‘कीमॅप’ नावाची उपनिर्देशिका करून तीत एक साधी फाइल ठेवावी. तिच्यात ‘लोडकीमॅप’ हा शब्द लिहून त्याखाली प्रत्येक ओळीत एक रोमन कळ व तिच्यासमोर देवनागरी चिन्ह द्यावे. ही योजना केवळ लेखनाच्या अवस्थेत लागू होते. आज्ञा रोमनच राहतात. लिहिता लिहिता कंट्रोल व टोपीचे चिन्ह या कळांनी देवनागरी व रोमन यांत अदलाबदल करता येते. ईमॅक्समध्ये ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ व ‘देवनागरी-आयट्रान्स’ या लेखनपद्धती आधीपासूनच अंतर्भूत आहेत. नॅनोमध्ये अशा दोन अवस्था नसल्याने हा संघर्ष उद्भवत नाही. मात्र पुढे सांगितलेली शोधाची सूक्ष्म साधनेही तेथे मिळत नाहीत.

स्वतः कीमॅप लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे. अभ्यासकाला ‘ळ’, ‘ॲ’, ‘ऑ’ आणि ‘ऱ’ ही मराठीला अवश्य असणारी चिन्हे सोयीच्या कळांवर ठेवता येतात आणि प्रत्येक चिन्हासाठी कोणता संकेतांक वापरला जाईल हेही त्यालाच ठरविता येते. ही दुसरी गोष्ट किती महत्त्वाची आहे, हे पुढील प्रकरणावरून दिसेल.

५. एक रूप, तीन लेखने

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. पहिल्या शब्दात रफारामुळे आधीच्या अक्षरावर आघात येतो. दुसऱ्यात तो येत नाही. हा अर्थभेदक फरक मराठी लेखनाने स्वतंत्र चिन्ह देऊन जपला आहे. प्रमाण हिंदीला या चिन्हाची गरज पडत नाही. मराठीत मात्र ते विरळ नाही : ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’, ‘शेतकऱ्यांचा’, ‘वारकऱ्यांनी’, ‘साताऱ्याला’, ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’ असे शब्द कोणत्याही पृष्ठावर आढळतात.

संगणकात हा अर्धा ‘र’ तीन प्रकारे साठविलेला सापडतो. पहिल्या प्रकारात ‘ऱ’ (संकेतांक ०९३१) व हलन्त (०९४डी) हे दोन संकेतांक असतात. ‘इस्की’ मानकाचा मार्ग हाच होता आणि युनिकोडने तो स्वीकारला. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’ (०९३०), हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (२००डी) हे तीन संकेतांक असतात. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ही पद्धतही मान्य ठेवण्यात आली. तिसऱ्या प्रकारात साधा ‘र’, नुक्ता (०९३सी) व हलन्त असतात. जुळणी करणाऱ्या टंकात तिन्हींचा आकार सारखाच उमटतो. ‘दऱ्या’ हा शब्द पहिल्या प्रकाराने लिहिल्यास १५ बाइट आणि दुसऱ्या वा तिसऱ्या प्रकाराने लिहिल्यास १८ बाइट होतात. वाचकाला भेद दिसत नाही. शोधणाऱ्या यंत्राला मात्र ते तीन निरनिराळे शब्द वाटतात.

पैकी तिसरा प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमाने पहिल्यात रूपांतरित होतो, कारण ‘र’ व नुक्ता यांचा संयोग आणि ‘ऱ’ हे युनिकोडने समतुल्य मानले आहेत. दुसरा प्रकार त्या प्रमाणीकरणाच्या कक्षेत येत नाही. जोडक असलेला शब्द प्रमाणीकरणानंतरही तसाच राहतो. ‘मजकूर प्रमाणित केला आहे’ या आश्वासनावर विसंबणारा अभ्यासक येथे फसतो.

विममध्ये या दुसऱ्या प्रकाराचे आणखी दोन परिणाम दिसतात. त्याच्या प्रदीर्घ काळ प्रचारात असलेल्या आवृत्त्या शून्य रुंदीच्या जोडकाला अदृश्य न ठेवता कोनी कंसात त्याचा संकेतांक छापतात. त्यामुळे ‘दऱ्या’ या शब्दाच्या मध्यभागी २००डी ही अक्षरे उमटतात. ती मजकुरात टंकलेली आहेत असे समजून ती पुसल्यास जोडक नाहीसा होतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो : दरीचा समुद्र होतो. शिवाय या आवृत्त्या जोडकाची गणना विरामचिन्हांत करीत असल्याने शब्दाची सीमा तेथे पडते. तारकाचिन्हाची कळ दाबून कर्सरखालील शब्द शोधू गेल्यास संपूर्ण शब्दाऐवजी ‘दर्’ एवढाच तुकडा शोधला जातो.

असाच प्रश्न ‘ॲ’चा आहे. या वर्णाला ०९७२ हा स्वतंत्र संकेतांक २००८ मधील युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत स्थान दिले. तत्पूर्वीच्या मजकुरात ‘अ’ला अर्धचंद्र जोडून किंवा ‘ए’वर अर्धचंद्र असलेल्या हिंदी वळणाच्या वर्णाने काम भागविलेले आढळते. ही लेखनेही परस्पर समतुल्य मानलेली नाहीत.

६. शोधाचे व्याकरण

आता आरंभीच्या ‘घर’कडे वळू. विम चिन्हांसह व्यंजन हे एकच अक्षर मानतो, हे आपण पाहिले. त्यामुळे शोधात ‘घर’ असे लिहिले, तर त्यातील ‘र’ हा चिन्हरहितच असला पाहिजे, असा तो अर्थ घेतो. ‘घरी’ व ‘घरात’ यांतील ‘र’ला वेलांटी व काना जोडलेले असल्याने ती रूपे वगळली जातात. ज्या भाषांत प्रत्यय लागताना मूळ शब्दाचे अन्त्याक्षर बदलत नाही, तेथे हे गृहीतक फारसे बाधत नाही. मराठीत विभक्तिप्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते आणि ते बहुधा अन्त्याक्षराला स्वरचिन्ह लागूनच होते. म्हणून मराठीत या गृहीतकाचा फटका थेट व्याकरणाच्या मर्मावर बसतो.

यावर दोन उपाय आहेत. शोधशब्दाच्या शेवटी बॅकस्लॅश, टक्क्याचे चिन्ह व मोठा रोमन ‘सी’ लिहिल्यास लगतच्या अक्षराला लागलेली चिन्हे दुर्लक्षिली जातात; मग ‘घर’, ‘घरी’, ‘घरात’, ‘घराला’ ही सर्व रूपे मिळतात. दुसरा उपाय अधिक व्यापक आहे. शोधशब्दात कोठेही बॅकस्लॅश व मोठा रोमन ‘झेड’ लिहिल्यास सर्वच अक्षरांची चिन्हे दुर्लक्षिली जातात. ‘घर’ शोधताना ‘घेर’ व ‘घोर’ही हाती लागतात. हा पसारा मोठा असला, तरी ऱ्हस्वदीर्घाच्या अभ्यासात तो उपकारक ठरतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी तत्सम शब्दांचे अन्त्य इकार-उकार दीर्घ लिहिण्याचे ठरविले. तत्पूर्वीच्या ग्रंथांत ‘कवि’ व ‘गुरु’, तर नंतरच्या ग्रंथांत ‘कवी’ व ‘गुरू’ आढळतात. दोन्ही काळांतील मजकूर एकत्र केला असेल, तर या दुसऱ्या उपायाने दोन्ही लेखने एकाच शोधात समोर येतात. ‘केवळ’सारखी असंबद्ध स्थळे हाताने वगळावी लागतात.

७. सेटिंगच्या फाइलमध्ये काय असावे

वरील विवेचनावरून ‘विमआरसी’ या सेटिंगच्या फाइलमध्ये मराठीसाठी पुढील गोष्टींची योजना करावी, असे सुचविता येईल.

(अ) ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८ असावे. ‘फाइलएन्कोडिंग्ज’ या यादीत यूसीएस-बॉम व यूटीएफ-८ एवढेच असावे; पश्चिम युरोपीय संकेतन यादीतून काढावे. म्हणजे सदोष फाइल मुकाट्याने भलत्या संकेतनात उघडली न जाता, अवैध बाइट कोणत्या ओळीत आहे हे संपादक सांगतो.

(आ) ‘डेलकम्बाइन’ ही सेटिंग चालू करावी. ती बंद असताना एखादे अक्षर पुसल्यास व्यंजन व त्याची सर्व चिन्हे एकदम जातात. ती चालू केल्यावर शेवटचे चिन्ह तेवढे पुसले जाते. ‘कवि’चा ‘कवी’ करताना केवळ वेलांटी बदलता येते. मुद्रितशोधनासाठी ही सोय मोलाची आहे.

(इ) ‘मॅक्सकम्बाइन’ची मूळ मर्यादा दोन आहे, ती सहापर्यंत वाढवावी. एका व्यंजनाला नुक्ता, वेलांटी व अनुस्वार अशी दोहोंहून अधिक चिन्हे लागली, तर मूळ मर्यादेत ती सर्व पडद्यावर दिसत नाहीत.

(ई) चौथ्या विभागात सांगितलेला स्वतःचा कीमॅप असावा आणि त्यात अर्ध्या ‘र’साठी ०९३१ व ०९४डी हाच क्रम मिळेल अशी योजना असावी.

(उ) मजकूर एकरूप करणारी एक आज्ञा तयार ठेवावी. ती संपूर्ण फाइलमध्ये ‘र’, हलन्त व जोडक या क्रमाच्या जागी ‘ऱ’ व हलन्त घालील. ‘र’, नुक्ता व हलन्त यांच्या जागीही तेच घालील. आणि ‘अ’ व अर्धचंद्र यांच्या जागी ‘ॲ’ घालील. जोडक हा पडद्यावर न दिसणारा संकेतांक टंकण्यासाठी कंट्रोल-व्ही, यू व त्यानंतर २००डी असे लिहावे.

या शेवटच्या आज्ञेबाबत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. एकाच चिन्हाच्या निरनिराळ्या लेखनांचे एकीकरण यंत्राने करता येते. दोन भिन्न चिन्हांतील निवड यंत्राने करता येत नाही. मराठी न जाणणाऱ्या जुळारीने ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ टंकले असेल, तर तो दोष दुरुस्त करण्यासाठी सर्व ‘र्य’ बदलून ‘ऱ्य’ करण्याची आज्ञा कदापि देऊ नये. तसे केल्यास ‘आचार्य’, ‘सूर्य’, ‘कार्य’ हे शब्दही बिघडतील. तेथे प्रत्येक स्थळ संदर्भासह वाचून निर्णय घ्यावा लागतो. विममध्ये बदलाच्या आज्ञेला शेवटी रोमन ‘सी’ जोडला की प्रत्येक स्थळी होकार वा नकार विचारला जातो. हे काम वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही.

८. समारोप

हस्तलिखितांवरून ग्रंथाची प्रत सिद्ध करणारा संपादक प्रस्तावनेत आपली संपादनपद्धती नमूद करतो : कोणती पोथी आधारभूत धरली, कोणते पाठभेद नोंदविले, लेखनाचे कोणते प्रकार एकरूप केले. संगणकीय पाठावर काम करणाऱ्या अभ्यासकावरही हीच जबाबदारी येते. अर्ध्या ‘र’ची तीन लेखने, ‘ॲ’ची निरनिराळी रूपे आणि सामान्यरूपे वगळणारा शोध हे संगणकाच्या युगातील पाठभेदच आहेत. शब्दांची वारंवारिता, शब्दसूची किंवा लेखकाच्या शैलीचे मोजमाप यांवर आधारलेला कोणताही निष्कर्ष मांडण्यापूर्वी मूळ फाइल जशीच्या तशी राखून ठेवावी, एकरूप केलेली प्रत वेगळी करावी आणि एकीकरणाचे नियम लेखात शब्दशः द्यावेत. असे केल्यास दुसऱ्या अभ्यासकाला तीच मोजणी करून पाहता येईल.

टर्मिनलमधील संपादक या कामी विशेष उपयोगी पडतो, कारण तो मजकुरातील संकेतांक झाकून ठेवीत नाही. वर्ड-प्रोसेसरमध्ये सुबक दिसणारा ‘दऱ्या’ हा शब्द नेमका कशाचा बनला आहे, हे जी व ए या दोन कळांनी कळते. नव्या पाठसंग्रहावर काम सुरू करताना ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ व ‘बऱ्याच’ हे तीन शब्द प्रथम या रीतीने तपासावेत. त्यांत एकाहून अधिक लेखने आढळली, तर एकीकरण पूर्ण होईपर्यंत मोजणीला हात घालू नये.